‘ओल’चं शेवटचं पान

मी आंधळा आहे आणि कॉमिक्सवर मतं लिहितो. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे मध्येच खोळंबा नको.

तिशीपर्यंत मला चांगलं दिसत होतं. मग दिवा बारीक करत नेल्यासारखं सगळं विझत गेलं. डोळे गेले, नाद गेला नाही. पोटापाण्यासाठी मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर बसतो. कुठेही लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं की पलीकडे मी असतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं, हे माझं काम. घाबरलेली माणसं ऐकायचा पगार मिळतो म्हणा. त्यामुळे भीती म्हणजे काय आणि वाचवणं म्हणजे काय, हे मला सुपरहिरो छापणाऱ्यांनी शिकवू नये.

‘शतसूर्य’च घ्या. आज सगळ्यात जास्त खपणारा सुपरहिरो. हा गेल्या वर्षी मेला, दुकानात रडारड झाली, आणि पुढच्याच हंगामात दुसऱ्या विश्वातून दाढी वाढवून परत आला. आता तो तिसऱ्या विश्वातल्या स्वतःशीच मारामारी करतोय. कागद गुळगुळीत, छपाई झकास, आणि आख्ख्या वर्षात गड्याने एका माणसाला वाचवलेलं नाही. आमच्याकडे एक मेकॅनिक आहे, बोलायला महाखडूस. जिने चढून जातो, हाताने दार फाकवतो आणि आतल्या घामाघूम बाईला एवढंच म्हणतो, “पाय बघून टाका.” मी हे फोनवरून कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. शतसूर्याला एकदा तरी कुणाला ‘पाय बघून टाका’ म्हणायला सुचलं का? हेच मी लिहिलं होतं आणि त्यावर दुकानात आठवडाभर भांडणं चालली होती.

दुकान म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं कॉमिक्सचं दुकान. आत शिरताच डाव्या हाताला भिंतीचा एक तुकडा मोकळा आहे. महिन्याचे नवे अंक आले की माझं मत छापून तिथे टाचणीने लावतात. फोन मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवतो, मी टाइप करतो, मालक छापतो. मालक माणूस भित्रा, पण माझं मत लागलं की गिऱ्हाईक दारात थबकतं, हे त्याला कळतं. मला तेवढ्या भिंतीचा माज आहे. असायलाच हवा. मी कुठल्या कॉलेजात हे शिकलेलो नाही. कुणी पुस्तक दिलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही. ती भिंत मी एकट्याने मिळवली.

एकट्याने, असं तेव्हा तरी म्हणत होतो.

वाचून दाखवते माझी धाकटी बहीण. ती कपडे अल्टर करते. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे ती दिवसभर कमरा आवळते, बाह्या सैल करते, पँट आखूड करते. संध्याकाळी आली की हातांना इस्त्रीच्या वाफेचा वास असतो. चहा झाला की ती अंक उघडते आणि माझा डावा हात ओढून मांडीवर पालथा नाही, उताणा ठेवते. मग नखाने माझ्या तळहातावर चौकट काढते. चौकट आडवी असेल तर बोटांच्या मुळाशी लांब रेघ. उभी आणि चिंचोळी असेल तर अंगठ्याच्या बाजूला. आख्ख्या पानाचं एकच चित्र असेल तर सबंध तळहात पुसल्यासारखा हात फिरवते. आधी आकार, मग कोण किती लांब उभं आहे, मग उजेड कुठून येतोय, आणि सगळ्यात शेवटी कोण काय बोललं. पान उलटण्याआधी थांबते. किती थांबायचं ते तिचं तिला ठाऊक. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, करता करता झालं. तिच्याइतकं नेमकं कॉमिक कुणी वाचत नाही. डोळसांनी तर नाहीच, ते फुगे वाचतात आणि पुढे पळतात.

आता ‘ओल’. भयकथांच्या कॉमिक्समध्ये सध्या सगळ्या मुखपृष्ठांवर दात असतात. दात, नखं, जिभा, आणि आत पानभर किंकाळ्या. मी लिहिलं होतं की हे लोक भीती विकत नाहीत, दातांच्या डॉक्टरची जाहिरात करतात. लिफ्टमध्ये जो ओरडतो तो चिडलेला असतो, त्याची मला काळजी वाटत नाही. खरंच भ्यालेला माणूस आवाज खाली आणतो आणि काहीतरी बारीकसं विचारतो. पंखा चालू राहील ना. तुम्ही फोन ठेवणार नाही ना. असा आवाज आला की मी खुर्चीत पुढे सरकतो.

‘ओल’मध्ये तो आवाज होता. एक कुटुंब नव्या घरात राहायला जातं. नवरा, बायको, शाळकरी मुलगी. जेवणाच्या खोलीत कपाटामागे भिंतीला ओल आहे, एवढीच गोष्ट. पहिले अंक बरे होते. पाचव्या अंकाचं शेवटचं पान ऐकलं आणि मी बराच वेळ हात मिटून बसलो. नंतर लिहिलं, की इतकं भारी पान कित्येक वर्षांत झालेलं नाही, ज्याने काढलं त्याच्या हाताला सलाम. पानात काय आहे ते लिहिलं नाही. शेवट फोडायचा नाही, हा माझा नियम. दुकानातली पोरं यावर मला मानतात, आणि याच नियमाने मला गोत्यात आणलं.

दुकानात एक कॉलेजचा मुलगा येतो, त्याला सगळे चष्मा म्हणतात. हुशार, वाचलेला, आणि जिभेला हाड नाही. त्याने माझ्या मताखाली पेनाने लिहिलं: ‘आंधळ्याने चित्रांना मार्क द्यायचे आणि आपण ते वाचायचे, वा.’ मालकाने कागद बदलायची घाई केली. मी म्हटलं, राहू द्या, निदान त्याने सही केलीय. पण चष्मा तिथे थांबला नाही. पाचवा अंक त्याच्या मते भिकार होता, आणि ज्याला तो भारी वाटतो त्याच्याकडून भिंत काढून घ्यावी, असं तो चार लोकांत बोलायला लागला. भिंत अर्थात त्यालाच हवी होती.

मालकाने त्यातून मार्ग काढला, म्हणजे त्याच्या दृष्टीने मार्ग. ‘ओल’चा चित्रकार रविवारी दुकानात सह्या द्यायला येणार होता. मी त्याच्यासमोर उभं राहून पाचव्या अंकावर बोलायचं, चष्म्यानेही बोलायचं. ऐकणारे ठरवतील भिंत कुणाची. मी लगेच हो म्हटलं. असल्या गोष्टींना मी कधी विचार करून हो म्हटलेलं नाही.

घरी सांगितलं. धाकटी म्हणाली, ‘ओल’ कशाला, ‘शतसूर्य’वर बोल, लोक हसतील, तुला जमतं ते. मी म्हटलं, चित्रकार ‘ओल’चा येतोय. ती म्हणाली, मग बोलूच नकोस, भिंतीत काय ठेवलंय. एवढं बोलून ती भांडी घासायला गेली आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करत घासली. मला वाटलं माझी काळजी करतेय. मला राग आला. माझी काळजी केलेली मला आवडत नाही.

रविवारी दुकान भरलं होतं. ओले रेनकोट, नवी शाई, खुर्च्यांची ओढाओढ. चित्रकार बोलायला हळू होता, हात मऊ आणि गार. धाकटी मागे दाराशी उभी राहिली, पुढे ये म्हटलं तर आली नाही.

आधी चष्मा बोलला. खरं सांगतो, चांगला बोलला. पाचव्या अंकात लेखकाने धीर सोडला, वाचकावर भरवसा ठेवला नाही, शेवटी स्वस्तात उरकलं, असं म्हणाला. मी मनात म्हटलं, बाळा, तू पान पाहिलंस पण वाचलं नाहीस.

मग मी उठलो. अंक निघून महिना झाला होता, सगळ्यांनी वाचलेला, आता फोडायला हरकत नव्हती. मी तळहात उघडून त्यावर बोटाने दाखवत सांगायला लागलो. वर आडव्या चौकटी, एकाखाली एक, सगळ्यांत तीच जेवणाची खोली. तिघं जेवतायत. मुलीच्या शाळेच्या बुटांबद्दल बोलणं चाललंय, घट्ट होतात म्हणून. पहिल्या चौकटीत कपाट भिंतीला लागून आहे. दुसरीत भिंतीपासून किंचित सुटलंय. तिसरीत आणखी. मग मुलीची खुर्ची आत आलीय. मग टेबल. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, बुटांचंच चाललंय. आणि शेवटची चौकट खाली कोपऱ्यात, अगदी लहान. सगळं सामान समोरच्या भिंतीला जाऊन चिकटलंय, तिघांची कोपरं एकमेकांना लागतायत, आणि बायको म्हणते, मीठ दे. भिंतीवरची ओल आहे तेवढीच आहे, जराही वाढलेली नाही.

मी थांबलो. वाटलं होतं कुणीतरी श्वास सोडेल. त्याऐवजी पानं उलटल्याचा आवाज आला. एकाने उलटली, मग दुसऱ्याने, मग सगळीकडून.

“काका,” चष्मा म्हणाला, “असं पानच नाहीये यात.”

मी म्हटलं, नीट बघ.

“नीटच बघतोय. शेवटच्या पानावर भिंतीतून हात बाहेर येतो. पानभर एकच हात. नखं, रक्त, आणि मोठ्या अक्षरांत धडाड.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. मी चित्रकाराकडे तोंड केलं आणि विचारलं, हा म्हणतो ते खरं का? त्याने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला की खोली त्याची आहे, टेबल त्याचं आहे, बुटांचं बोलणंही आहे दोन पानं आधी. पण हे पान त्याचं नाही.

मालक मध्ये पडला, म्हणाला, होतं असं, बरेच अंक वाचले की सरमिसळ होते, चला चहा घेऊया. मला वाट करून देत होता. सरमिसळ झाली म्हणालो असतो तर हसण्यावारी गेलं असतं सगळं. पण माझ्या तळहाताला ती शेवटची चौकट आठवत होती, करंगळीखाली, नख जरा जास्तच रुतलं होतं तिथे. सरमिसळ कसली?

“अगं ए,” मी दाराकडे बघत म्हटलं, म्हणजे बघितल्यासारखं करत. “हे पान कुठून आलं?”

तिचा आवाज स्पष्ट आला, जराही चाचरली नाही. “मी केलं.”

“का?”

“कंटाळा आला म्हणून. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या भिंतीतून तोच हात बाहेर येतो. तुला सांगायची मला लाज वाटली. चांगलं कापड आणि असली शिलाई. उसवलं आणि पुन्हा घातलं.”

आता मात्र कुणी हसलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: इतक्या वर्षांत भिंतीवर लावलेला एकेक कागद. मी कशाकशाला सलाम ठोकले आणि त्यातलं छापलेलं किती होतं? मी तिला तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, आणखी कुठे कुठे हात मारलास?

“कुठेच नाही. बाकी सगळं आहे तसं वाचलंय.”

“मग ‘शतसूर्य’ का नाही सुधारलास? मी बोंबलत होतो वर्षभर.”

“ते सुधारण्यापलीकडचं आहे, दादा. शिलाई उसवली तर हातात कापडच उरत नाही.”

दुकान हशाने फुटलं. चित्रकारही हसला. मीही हसलो असतो, पण चष्मा थांबला नव्हता. हसू ओसरायची वाट बघून तो म्हणाला की सगळं ठीक आहे, पण मुद्दा तोच राहतो. काकांचं मत पुस्तकावर नाहीच, ताईंच्या सांगण्यावर आहे. उसनं.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. मी म्हटलं, बरोबर. पाचव्या अंकावरचं माझं मत चुकलंय, तो कागद मीच काढतो. अंक भिकार आहे, तू म्हणतोस तसाच. पण मग तूही नीट ऐक. इतक्या वर्षांत भयकथेतलं एक पान मला खुर्चीला खिळवून गेलं, आणि ते कपडे आखूड करणाऱ्या माझ्या बहिणीने संध्याकाळी चहानंतर केलं, हातात पेन्सिल न धरता. ज्याने काढलं त्याच्या हाताला सलाम, असं मी लिहिलं होतं. सलाम मागे घेत नाही. पत्ता चुकला होता, एवढंच.

हे बोलताना माझा आवाज चढला असणार, कारण मालक परत चहाचं काढायला लागला. तेवढ्यात चित्रकार म्हणाला, हात त्यालाही नको होता. त्याने नुसती भिंत काढून दिली होती. प्रकाशकांकडून हात मागितला गेला.

मी म्हटलं, “मागितला म्हणून दिलात, तर खाली सही कुणाची?”

मला त्याची दया आली नाही, पण त्याने पुढे जे केलं त्याबद्दल त्याचा मान ठेवतो. त्याने धाकटीला विचारलं, पान तुम्ही स्वतः सांगाल का, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. ती पुढे आली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, माझा डावा हात ओढून घेतला. आणि सुरू झाली.

मी सांगितलं होतं ते पान आणि तिने सांगितलं ते पान यात जमीन-अस्मानाचा फरक होता. मी घडलेलं सांगितलं. ती खोलीत घेऊन गेली. कपाटाच्या पायांमुळे फरशीवर पडलेला ओरखडा मी विसरलो होतो, तिने तो दाखवला, दर चौकटीत थोडा लांब झालेला. वडील जेवताना एकदाही मान वर करत नाहीत, हेही मी गाळलं होतं. बुटांचं बोलणं ती इतक्या सपाट आवाजात बोलली की मलाच उठून दार उघडावंसं वाटलं. चौथ्या चौकटीपाशी रेनकोटांची सळसळ थांबली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईपर्यंत ती थांबली, कुणी हललं नाही. मग करंगळीखाली नख टेकलं.

“मीठ दे,” ती म्हणाली, आणि माझा हात मिटला.

मग समोरून एक आवाज आला. खालचा, बारीक.

“ताई, कपाट कोण सरकवतं?”

चष्मा होता. मी खुर्चीत पुढे सरकलो. हा आवाज ओळखण्यावर तर मी पोट भरतो. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबलेली असते, दिवा लुकलुकत असतो, आणि आतला माणूस अगदी हळू विचारतो, पंखा चालू राहील ना. तस्साच. जे शतसूर्याच्या शंभर सूर्यांना जमलं नाही, दातनखांच्या ढिगाऱ्याला जमलं नाही, ते माझ्या बहिणीने भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, सगळ्यात आगाऊ पोराला करून दाखवलं होतं. माझी छाती एवढी फुगली की शर्ट तिलाच सैल करायला द्यावा लागला असता.

धाकटीने त्याला उत्तर दिलं नाही. योग्य केलं.

भिंतीचा निकाल कुणी जाहीर केला नाही. मी उठलो, चाचपडत माझा कागद काढला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी नवा लागला: ‘पाचवा अंक घेऊ नका. त्यापेक्षा रविवारी ऐकायला या.’ मालक कुरकुरला, की विकायला ठेवलेल्या मालाबद्दल असं लिहितात का. मी म्हटलं, माझी भिंत, माझं मत, हवं तर काढा. त्याने काढलं नाही. चष्म्याने खाली पेनाने लिहिलं, ‘आंधळ्याचं हे मत बरोबर आहे,’ आणि सही केली. फोनला पेनाचं अक्षर धड वाचता येत नाही. धाकटीने वाचून दाखवलं, आणि तेव्हाही मी तिला दोनदा विचारलं, छापलेलं आहे का तुझं आहे? ती म्हणाली, माझं असतं तर आंधळ्याचं नसतं लिहिलं. म्हणजे खरं असावं.

चित्रकाराने सहावा अंक कच्चा असतानाच पाठवलाय, छपाईला जायच्या आधी. सोबत निरोप, की ताईंना कुठे घट्ट वाटतंय ते सांगा. धाकटी म्हणाली, बघते, हातातले लग्नाचे कपडे संपू देत. मला तिचं हे उत्तर फार आवडलं.

आता रविवारी ती दुकानात वाचते. तिच्या अटी आहेत: कपबशा आत, फोन बंद, स्कूटरवाल्याला मालकाने आधीच सांगून ठेवायचं. लोक पायऱ्यांपर्यंत बसतात, चष्मा सगळ्यांत पुढे, खुर्ची स्वतः घेऊन येतो. आवाज सगळ्यांना मिळतो. डोळे असलेल्यांनी ऐकावं, मान डोलवावी, घाबरावं, माझी काही हरकत नाही.

चौकट मात्र ती माझ्याच तळहातावर काढते.